काळा राक्षस आणि गोरी राजकन्या

मूल वाचावयास शिकते ते सहाव्या-सातव्या वर्षी; चित्र पाहावयास ते त्याच्या कितीतरी आधी शिकते. आजीच्या मांडीवर बसून गोष्टीच्या पुस्तकाची पाने उलटताना त्याला एक गोष्ट कोणी न सांगताच कळते, ती ही की, राजकन्या गोरी असते आणि राक्षस काळा असतो. पुढे ते शाळेत जाते, पाढे पाठ करते आणि त्यांतले निम्मे विसरतेही. हा पहिला धडा मात्र त्याने पाठ केलेला नसतो, म्हणून तो विसरण्याचीही सोय राहत नाही. हा धडा कसा तयार होतो, जगात इतरत्र त्याचा विचार कसा झाला आणि परभणी जिल्ह्यातील आपल्या अंगणवाड्यांनी, शाळांनी व घरांनी त्यातून काय घ्यावे, एवढेच या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे.

हा प्रश्न अमेरिकेचा. आपल्याकडे गोरे आणि काळे असे तट कोठे आहेत, अशी शंका कित्येकांस येईल. शंका रास्त आहे. पण घरात डोकावून पाहिले तर ती फार वेळ टिकत नाही. आपला शेतकरी ज्या जमिनीवर जगतो तिला तो काळी आई म्हणतो. आपला देव सावळा आहे, आणि आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईने त्या सावळ्या विठ्ठलालाच आपला सखा मानले. असे असूनही त्याच घरात मुलगी जन्मास आली की बाळंतिणीच्या खोलीबाहेर पहिली चौकशी होते ती रंगाची. स्थळे पाहताना 'मुलगी गोरी हवी' हे आपण चारचौघांत बोलतो आणि त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नाही. तोंड काळे करणे, काळा बाजार, काळी यादी हे शब्द तर आपल्या जिभेवर बसलेलेच आहेत. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाला आपले नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' करावयास २०२० साल उजाडावे लागले. आणि तेही जगभर वर्णभेदाविरुद्ध गदारोळ उठला तेव्हा. शेतात जो रंग माता आणि देवळात जो देव, तोच पाळण्यात आला की उणा ठरतो. ही विसंगती आपली स्वतःची आहे. ती परदेशातून आलेली नाही.

मुलांच्या मनात हे केव्हा शिरते? 'मुले निरागस असतात, त्यांना रंग कळत नाही' असे आपण समजतो. शास्त्रज्ञांचे निरीक्षण निराळे आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अवघ्या तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलांना गोऱ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे दाखविण्यात आले. ज्या मुलांच्या भोवती एकाच वर्णाची माणसे होती, ती मुले त्याच वर्णाच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहत राहिली. इथिओपियातून इस्राएलमध्ये आलेल्या कुटुंबांतील तान्ह्या मुलांनी मात्र दोन्ही वर्णांची माणसे रोज पाहिलेली होती. त्यांनी असा भेद केला नाही. याचा अर्थ तान्ह्या मुलाच्या मनात द्वेष असतो असा मुळीच नाही. त्याला जे रोज दिसते ते आपले वाटते आणि जे दिसत नाही ते परके राहते, इतकाच. त्या परकेपणाला 'चांगले' आणि 'वाईट' ही नावे पुढे आपण मोठी माणसे देतो.

ती नावे किती लवकर दिली जातात याचा पुरावा अमेरिकेतील केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने दिला. हे दोघेही कृष्णवर्णीय होते. १९४० च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या एकसारख्या, फरक फक्त रंगाचा. 'यांतली चांगली कोणती? तुला खेळावयास कोणती हवी?' असे विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. 'वाईट कोणती?' याला उत्तर म्हणून काळीकडे बोट गेले. मग शेवटचा प्रश्न आला, 'तुझ्यासारखी दिसणारी कोणती?' तेव्हा काही मुले रडू लागली, काही खोलीतून निघून गेली. ज्या बाहुलीला आताच वाईट म्हटले तिलाच आपली म्हणण्याची पाळी त्या चिमुकल्यांवर आली होती. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरविले, तेव्हा निकालपत्राच्या टिपेत क्लार्क यांच्या संशोधनाचाही उल्लेख होता.

आता पुस्तकांकडे वळू. या बाबतीत एक पुस्तक तर हिंदुस्थानातच जन्मले आहे. हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई आपल्या डॉक्टर पतीबरोबर मद्रास इलाख्यात राहत असे. आपल्या मुलींसाठी तिने एक गोष्ट रचली. ती १८९९ साली लंडनला 'लिटल ब्लॅक सँबो' या नावाने छापली गेली. त्यातला काळा मुलगा चतुर आहे. वाघ एकमेकांच्या शेपट्या धरून झाडाभोवती इतके धावतात की त्यांचे वितळून तूप होते, आणि त्या तुपात सँबोची आई घावन करते. गोष्ट गमतीची, म्हणून ती जगभर गेली. पण मुलाचे नाव आणि त्याची चित्रे अशी होती की, जाड ओठांचे, बटबटीत डोळ्यांचे ते ध्यान म्हणजेच काळे मूल, असा समज पक्का झाला. अमेरिकेत निघालेल्या अनेक आवृत्त्यांनी तर ते अधिकच विद्रूप केले. शाळेच्या आवारात गोरी मुले काळ्या मुलांना 'सँबो' म्हणून चिडवू लागली. लेखिकेच्या मनात दुष्टावा होता असे कोणी म्हणत नाही. परंतु पुस्तकाचा परिणाम लेखकाच्या हेतूवर ठरत नाही, तो वाचणाऱ्या मुलावर ठरतो.

विद्रूप करणे हा एक प्रकार झाला. वगळणे हा दुसरा, आणि तो अधिक सर्वसामान्य आहे. नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली अमेरिकेतील त्रेसष्ट प्रकाशकांनी तीन वर्षांत काढलेल्या ५,२०६ बालपुस्तकांची मोजदाद केली. त्यांपैकी एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तके फक्त ३४९ निघाली, म्हणजे शेकडा ६.७. लक्षावधी काळी मुले ज्या देशात वाचावयास शिकत होती, त्या देशाच्या पुस्तकांतून ती जणू राहतच नव्हती. पुढे १९९० साली रुडीन सिम्स बिशप या कृष्णवर्णीय विदुषीने ही गोष्ट एका उपमेत बसविली. मुलाला पुस्तक हे कधी आरसा व्हावे लागते आणि कधी खिडकी. आरशात ते स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याचे घर पाहते. ज्याला नुसत्याच खिडक्या मिळतात त्याला आपण कोठेच नाही असे वाटू लागते. ज्याला नुसते आरसेच मिळतात त्याला आपल्याशिवाय जगात कोणी नाही असे वाटू लागते. दोन्ही मुलांचे नुकसानच होते, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

आपल्या मराठी मुलांना कृष्णवर्णीय माणूस कोठे भेटतो? पहिल्या प्रथम तो भेटावयास हवा होता मराठवाड्यातच. मलिक अंबर हा मूळचा इथिओपियाचा, म्हणजे त्या काळच्या भाषेत हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा हातोहात दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. या निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष आपल्या पाथरीच्या एका ब्राह्मण कुळातला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. पाथरीशी नाते सांगणारी ती गादी १६०० साली अहमदनगर पडल्यावर बुडावयाची. ती पुढे पाव शतक मोगलांपुढे उभी ठेवली ती या आफ्रिकेच्या माणसाने. १६१० साली त्याने खडकी शहर वसविले, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने बांधलेल्या नहरीने त्या शहराला पाणी दिले, त्याची जमीनधाऱ्याची पद्धत पुढेही आदर्श मानली गेली, १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वारला; खुलताबादेस त्याची कबर आहे.

जहांगीर बादशहाला हा माणूस कधीच हाती लागला नाही. तेव्हा त्याने आपल्या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बादशहा बाण सोडीत आहे, असे ते चित्र आहे. आपल्या आत्मचरित्रातही त्याने अंबरचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगावरून हिणवूनच केला. रणात जे साधले नाही ते चित्रात आणि शब्दांत साधून घेण्याची ही रीत जुनीच आहे. पण अंबरच्या मृत्यूनंतर मोगलांच्याच इतिहासकाराला त्याची थोरवी मान्य करावी लागली. आपल्या मुलांच्या कानांवर मलिक अंबराचे नाव पडते ते शिवचरित्राच्या पहिल्या पानांत, ओझरते. तो आफ्रिकेचा होता, काळा होता, गुलाम होता, हे बहुतेकांस ठाऊक नसते. 'हबशी' हा शब्द मात्र काळ्यासावळ्या पोराला चिडविण्यासाठी आपण शिल्लक ठेवला आहे. सँबोचे जे झाले तेच हबशाचे झाले.

दुसरी भेट अधिक सुदैवाची. १९८१ साली वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक निघाले आणि मराठी घराघरांत गेले. अमेरिकेत गुलाम आईच्या पोटी जन्मलेले, पोरके झालेले, कातडीच्या रंगामुळे महाविद्यालयाच्या दारातून परत पाठविले गेलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर पुढे कृषिशास्त्रज्ञ झाले. १८९६ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी टस्कीगी येथे काम केले. कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी घेऊन तिचा कस परत आणा, हे त्यांनी गरीब शेतकऱ्यांना शिकविले. गाडीवर साहित्य लादून ते ज्ञान बांधापर्यंत नेले. १९७२ पासून जेथे कृषी विद्यापीठ आहे त्या परभणीत, कापसाच्या काळ्या रानात वाढणाऱ्या मुलाला हे चरित्र परके वाटण्याचे कारणच नाही. या एका पुस्तकाने कृष्णवर्णीय माणसाविषयी जेवढा आदर मराठी मनात पेरला, तेवढा शंभर उपदेशांनी पेरला नसता.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अंबर आणि कार्व्हर हे थोर पुरुष आहेत. मुलाला थोर पुरुषाइतकीच साध्या मुलाचीही गरज असते. १९६२ साली एझरा जॅक कीट्स यांनी 'द स्नोई डे' हे चित्रपुस्तक काढले. त्यात पीटर नावाचा काळा मुलगा लाल कोट घालून बर्फात खेळावयास जातो. तो काही पराक्रम करीत नाही, कोणाचा छळ सोसत नाही, कोणास काही शिकवीत नाही. पुस्तकातल्या मजकुरात त्याच्या रंगाचा एक शब्दही नाही. तो फक्त चित्रात दिसतो. पुढच्याच वर्षी या पुस्तकाला अमेरिकेतील चित्रपुस्तकांचे सर्वोच्च पारितोषिक, कॅल्डेकॉट पदक, मिळाले. काळे मूलही नुसते मूल असते, एवढेच त्याने सांगितले. राक्षस करणे हा अपमान आहे हे लवकर कळते. पण थोर झाल्याशिवाय पुस्तकात जागा नाही, हाही एक प्रकारचा नकारच आहे. गोऱ्या राजकन्येला पुस्तकात येण्यासाठी काहीच करावे लागत नाही.

येथून आपल्या घरच्या प्रश्नाकडे यावे लागते. आपल्याकडे माणसाची पायरी ठरते ती रंगापेक्षा जातीवर. वर्ण आणि जात एक नव्हेत. जातीला कातडीची खूण लागत नाही, तिला आडनाव आणि गल्ली पुरते. पण दोहोंचे नाते आपल्या विचारवंतांनी फार पूर्वी ओळखले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांस पत्र लिहिले. डू बॉइस यांनी त्यास सहानुभूतीचे उत्तर दिले. याच डू बॉइस यांनी १९२० आणि १९२१ ही दोन वर्षे 'द ब्राउनीज बुक' हे काळ्या मुलांसाठीचे मासिक चालविले होते. समाजाच्या एवढ्या मोठ्या लढ्यात गुंतलेल्या माणसाला बालमासिकासाठी सवड काढावीशी वाटली, यात त्या प्रश्नाचे मोल आले.

आपल्याकडे तर अशा मुलीचा आवाज त्याही आधी उमटला होता. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. आणि बालवाडीचे म्हणाल, तर ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात काम सुरू केले, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द आला. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी तेच केले. गुरे राखणाऱ्या मुलांची शाळा कुरणातच भरविली. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशभर जी अंगणवाड्यांची योजना चालू झाली, तिच्या नावातच हा इतिहास आहे. जे मूल येत नाही त्याच्या दारी आपण जावयाचे, असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

आता आपल्या जिल्ह्यातील अंगणवाडीत बसलेले मूल डोळ्यांपुढे आणावे. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. पुस्तकातल्या चित्रात दिवाळी म्हणजे बंगल्याच्या दारातली रांगोळी. या मुलाची दिवाळी कारखान्याच्या वाटेवर किंवा कोपीत. जिंतूरकडच्या तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. त्याच्या भाषेतला एक शब्दही भिंतीवरच्या तक्त्यावर नसतो. यांपैकी कोणालाही पुस्तकाने शिवी दिलेली नाही. पुस्तकाने त्यांना पाहिलेलेच नाही. लॅरिक बाईंची मोजणी आपल्या कपाटावर लावून पाहिली तर काय हाती येईल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

उघड अपमानही घडतातच. २०२० साली पश्चिम बंगालमधील बर्दवान येथे बालवर्गाच्या इंग्रजी पुस्तकात 'कुरूप' या शब्दापुढे काळ्या मुलाचे चित्र छापलेले आढळले. ते शिकविणाऱ्या दोन शिक्षिकांस निलंबित करण्यात आले. शिक्षा झाली हे ठीक. पण ते चित्र लेखक, चित्रकार, मुद्रक आणि शिक्षक एवढ्या डोळ्यांखालून गेले आणि कोणालाच खटकले नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

मग करावे काय? १९८९ साली अमेरिकेत लुईस डर्मन-स्पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवर्गासाठी पूर्वग्रहविरोधी शिक्षणाची आखणी केली. तिचे सार चार गोष्टींत येते. मुलाला स्वतःविषयी अभिमान वाटावा, पण वरचढपणा वाटू नये. वेगळेपण त्याला सहज वाटावे. अन्याय कोणता हे त्याला ओळखता यावे. आणि तो दिसल्यास 'हे बरोबर नाही' असे म्हणण्याचे धैर्य यावे. यासाठी पैसा फारसा लागत नाही. आपल्याकडे करता येतील अशा काही गोष्टी आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट, मोजणी. शाळेने किंवा घराने आपली दहा चित्रपुस्तके काढावी आणि पाहावे : काळासावळा कोण आहे, तो काय करतो, हुकूम कोण देतो, झाडू कोणाच्या हाती आहे, शेतमजुराचे, तांड्यावरचे, मुसलमानाचे मूल खेळताना कोठे दिसते का. चित्रे बदलता येतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघेही भाजी निवडताना दाखविले गेले, हे त्याचे ताजे उदाहरण.

दुसरी, रंगांची पेटी. फिकट गुलाबी खडूला मुले 'स्किन कलर' म्हणतात. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने असेच 'मांसवर्ण' हे खडूचे नाव १९६२ साली बदलून पीच या फळाचे नाव दिले. आपल्या बाईंनी मुलांना आपापला हात कागदाशेजारी ठेवून तपकिरी, पिवळा, तांबडा मिसळून आपला रंग शोधावयास सांगावे.

तिसरी, प्रश्नाला उत्तर. 'ती एवढी काळी का?' असे मुलाने विचारले की आपण त्याला दटावतो. त्यामुळे काळे असणे ही लाजेची गोष्ट आहे, एवढेच ते शिकते. त्याऐवजी सांगावे की, आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो. तो जास्त असला की कातडी सावळी दिसते आणि कडक उन्हापासून तिचे रक्षण होते. परभणीच्या वैशाखात वाढलेल्या मुलाला ही अंगातली छत्री चटकन समजेल.

चौथी, बसण्याची आणि बोलावण्याची रीत. मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी, आडनावाने किंवा वस्तीच्या नावाने नव्हे. पाणी वाढण्याची, ताटे उचलण्याची पाळी सर्वांवर सारखी फिरावी. पुस्तक काहीही सांगो, पंगत रोज जे सांगते ते मूल आधी ऐकते.

पाचवी, पुस्तकच नसेल तर ते करावे. ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला कोपीचे, बैलगाडीचे, तेथल्या सवंगड्यांचे चित्र काढू द्यावे, त्याची गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि ती पाने शिवून कपाटात इतर पुस्तकांशेजारी ठेवावी.

'असे बोलून तुम्ही मुलांना भेद शिकवाल' असा आक्षेप येईल. भेद मुलांनी आधीच शिकलेला असतो, हे बाहुल्यांच्या प्रयोगाने दाखविले. आणि वेगवेगळे चेहरे पाहिल्याने परकेपणा वाढत नाही, हे तान्ह्या मुलांनी दाखविले. आपण बोलतो की गप्प बसतो, एवढीच निवड आपल्या हाती असते.

या शहराला ही निवड नवी नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतरचे दिवस शहराने फार तणावात काढले. त्या संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता हा शब्द आहे. स्वातंत्र्य आणि समता यांसाठी न्यायालयात दाद मागता येते. बंधुता मात्र न्यायालय निर्माण करू शकत नाही. ती वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, एका सतरंजीवर शेजारी बसून, एकाच पुस्तकात डोके घालून तयार व्हावी लागते. त्या पुस्तकात दोन्ही डोक्यांसाठी जागा आहे की नाही, हे पाहण्याचे काम आपले आहे.